पुसट रेघ आणि गर्भनिश्चय

गेल्या मार्गशीर्षात एक विवाहिता सासूबाईंसह चिकित्सालयात आली. पाळी नऊ दिवस लांबली होती आणि ‘पाळी येण्याचे औषध द्या’ एवढीच मागणी होती. दिवस राहिले आहेत काय, असे विचारता ती म्हणाली, “घरी पट्टी लावून पाहिली. दुसरी रेघ पुसट आली, म्हणजे नाही.” या उत्तराने मी थबकलो. गर्भधारणेच्या चाचणीत पुसट रेघ हादेखील होकारच असतो. वेष्टन मागवले तेव्हा उलगडा झाला. ती पट्टी बीजोत्सर्ग ओळखण्याची, मागील महिन्यातील उरलेली होती. त्याच वेळी केलेली योग्य चाचणी होकारार्थी आली. रजःप्रवर्तिनी वटीचा डबा माझ्या हाताशीच होता, हे लिहिताना संकोच वाटतो.

ही एकट्या तिची चूक नव्हे. उरलेल्या पट्टीवर गर्भाचा अंदाज घेण्याची पद्धत घरोघरी रुजत आहे आणि तिला अर्धवट शास्त्राचा आधारही आहे. बीजोत्सर्गाची पट्टी मूत्रातील एलएच शोधते, गर्भधारणेची पट्टी एचसीजी. ही दोन्ही संप्रेरके सख्ख्या भावंडांसारखी आहेत. त्यांचा आल्फा घटक एकच असून बीटा घटकांतही पुष्कळ साम्य आहे. त्यामुळे एचसीजी पुरेसे वाढल्यावर काही एलएच पट्ट्या त्यालाही प्रतिसाद देतात. परंतु कोणती पट्टी देईल आणि किती प्रमाणास, याची हमी नाही. या भावंडांतील भेद ओळखता यावा म्हणूनच १९७२ साली अमेरिकेत व्हायटुकायटिस, ब्राउनस्टीन व रॉस यांनी बीटा घटकावर बेतलेली रक्तपरीक्षा प्रसिद्ध केली. ते साधलेले अंतर आपण घरच्या घरी पुन्हा पुसून टाकायचे, हे विचित्रच!

उलट बाजूही तितकीच फसवी आहे. एलएच शरीरात एरवीही थोडे असतेच. म्हणून त्या पट्टीवर पुसट रेघेला अर्थ नसतो. ती नियंत्रक रेघेइतकी गडद झाली तरच होकार धरतात. पीसीओएसच्या रुग्णांत आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास एलएच मुळातच चढे असू शकते. अशा स्त्रीच्या गडद रेघेवर घरात पेढे वाटले गेले, तर पुढचा मनस्ताप कोणी निस्तरायचा? (बीजोत्सर्गासाठी एचसीजीची सुई घेतलेल्या स्त्रीत तर योग्य पट्टीही काही दिवस खोटा होकार देते. हा इतिहास विचारावाच.)

आता औषधविक्रेत्या बंधूंशी दोन शब्द. दुकानात गर्दी असते, ग्राहक संकोचाने हळूच ‘ती टेस्ट द्या’ म्हणते, आपणही पेटी चटकन कागदात गुंडाळून देता. दोन्ही पेट्या एकाच फळीवर, पुष्कळदा एकाच रंगाच्या. ‘दिवस राहिलेत का पाहायचे आहे, की राहण्यासाठी दिवस पाहायचे आहेत?’ एवढा एक प्रश्न सौम्य आवाजात विचारता येतो. गर्भधारणेसाठी पाळी चुकल्यावर सकाळचे पहिले मूत्र घ्यावे. बीजोत्सर्गाच्या अनेक पट्ट्यांना मात्र ते नको असते. हेही सांगितलेले बरे.

वैद्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. सद्योगृहीतगर्भेची लक्षणे आपण संहितांतून शिकलो. ग्लानी, तृष्णा, सक्थिसाद ही इतरत्रही आढळतात, म्हणून त्यांच्या जोडीला योग्य चाचणी घेण्यात कमीपणा कसला? गर्भिणीस तीक्ष्ण औषधे व शोधन वर्ज्य आहेत, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. चुकते ते एका टप्प्यापूर्वी : ती गर्भिणी आहे हेच आपण रुग्णेच्या शब्दावर नाकारतो. पाळी लांबून ओटीपोटात एका बाजूस दुखत असेल, तर अस्थानी गर्भाची शंका मनात ठेवून तातडीने पुढे पाठवावे. तेथे कोणत्याही घरगुती पट्टीच्या नकारावर विसंबू नये.

माझ्या रुग्णपत्रिकेत आता एक नवा रकाना आहे : चाचणी कोणती, वेष्टन पाहिले काय. त्या विवाहितेस या ज्येष्ठात आठवा महिना लागला असून चरकोक्त क्षीरयवागू घृतासह सुरू आहे.