किल्ली कोणाच्या कमरेला?

जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपीय निर्बंधांच्या कारणास्तव मुंबईस्थित नायरा एनर्जीची संगणकसेवा बंद केली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालय गाठल्यावर ती पूर्ववत झाली. बड्या भांडवलाची ही गत, तर वेसाव्याच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी कुणाच्या दारी जावे? नौकांचे परवाने, डिझेल परताव्याचे कागद, कोळीवाड्याच्या सीमांकनाचे नकाशे केवळ परक्याच्या संगणकावर ठेवणे म्हणजे पेटीची किल्ली सावकाराच्या कमरेला बांधणे होय.

नेक्स्टक्लाउड हे २०१६ पासूनचे मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालते आणि कचेरीतील व सभासदांच्या फोनवरील फायली एकसारख्या ठेवते. उभारणी किचकट खरी. परंतु तिच्या पायऱ्या अ‍ॅन्सिबलसारख्या साधनासाठी एकदा लिहून ठेवल्या, की दुसरी संस्थाही त्याच आज्ञांनी तसाच सर्व्हर उभारू शकते. एका तंत्रज्ञाच्या डोक्यातील ज्ञान समूहाचे होते. सहकार याहून वेगळा तो काय?

मात्र २६ जुलै २००५ चा पूर विसरून चालणार नाही. एक प्रत कचेरीबाहेर हवीच. ती उघडते की नाही, हे तपासण्याचे कामही कुणाकडे तरी नेमून द्यावे. किल्ली आपल्याकडे आली, की राखणही आपलीच.