खोडदच्या थाळ्या आणि मुलाखतीची तयारी

भीमाशंकरच्या डोंगरातून मंचरमार्गे नारायणगावला या आणि खोडदच्या शिवारात शिरा. तारांच्या जाळीच्या प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतील. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही महाकाय रेडिओ दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारली गेली. थाळ्या ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर.

येथे काम करायला शास्त्रज्ञच व्हावे लागते, असे आपल्याकडील पुष्कळ मुलांना वाटते. तसे मुळीच नाही. ग्राहकयंत्रे आणि वर्धक सांभाळायला तंत्रज्ञ लागतात, आणि ती वाट आयटीआय किंवा पदविकेवरून जाते.

मग मुलाखतीसाठी मुले गाइडमधल्या व्याख्या घोकतात! व्याख्या यायला हव्यातच, पण त्यांनी बिघाड सापडत नाही. समजा, विचारले, "एका थाळीचा संदेश बंद आहे, काय कराल?" प्रत्येक थाळी रेडिओलहरींची दोन ध्रुवणे वेगवेगळी टिपते. एकच बंद असेल, तर दोष बहुधा त्याच्याच मार्गात. दोन्ही बंद असतील, तर आधी दोघांचा सामाईक वीजपुरवठा पाहावा. सगळ्याच थाळ्या मुक्या झाल्या असतील, तर एकेका थाळीवर चढण्यात काय अर्थ? दोष मध्यवर्ती केंद्रात शोधावा. असे टप्प्याटप्प्याने बोलणारा उमेदवार एखादी संज्ञा विसरला तरी मला चालेल. इंग्रजी अडखळले तरीही.

ही सवय घरी लागते. भंगारातला, सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर मिळवा. (विजेच्या मुख्य जोडणीवर चालणारा संच उघडू नका.) तो मुका असेल, तर आवाजाचे बटण वाढवून त्याच्या मधल्या टोकाला पेचकसाचे पाते टेकवा, पात्याला बोट लागलेले असू द्या. कर्ण्यातून 'टक्' किंवा गुणगुण आली, की पुढचा भाग ठीक, दोष त्याआधी. एका स्पर्शात अर्धा संच तपासून झाला. नंतर मल्टिमीटर घ्या, डागाचे सैल जोड शोधा, आणि प्रत्येक पायरी वहीत टिपा. मुलाखतीला जाताना ती वही जरूर न्या.

शिक्षकांनाही एक विनंती. प्रयोगशाळेतील बिघडलेली उपकरणे कपाटात कुलूपबंद ठेवू नका, मुलांपुढे उघडा.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त ही दुर्बीण लोकांना पाहता येते. गेलात तर तेथील तंत्रज्ञाला विचारा, वादळी पावसात वीज कोसळल्यावर तुम्ही सर्वांत आधी काय तपासता?