दारचा भेरली माड

गेल्या पौषांत सांगलीस मावसबहिणीकडे जाण्याचा योग आला. दारच्या भेरली माडाला प्रथमच फुलोरा आला म्हणून घरांत मोठा आनंद होता. शेंड्यापासून लोंबणारा तो हातभर नव्हे, चांगला पुरुषभर लांब झुपका जटाभारासारखा दिसे. “ताई, झाड भाग्याचें निघालें हो!” असें ती म्हणाली, आणि खरी गोष्ट सांगावी कीं नाहीं अशा पेचांत मी पडलें.

कारण हा माड आयुष्यांत एकदांच बहरतो. पहिला फुलोरा शेंड्याशीं, दुसरा त्याखालीं, असें करीत तो बुंध्याकडे उतरत येतो. या क्रमास ५-७ वर्षें लागतात, आणि शेवटचा घोस पिकला म्हणजे झाड वाळतें. केळीसारखें त्याच्या बुडाशीं पिल्लूही फुटत नाहीं.

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या ओलसर दऱ्यांत याचें माहेर. यालाच कोणी सुरमाड म्हणतात. माशाच्या शेपटीसारख्या पानांच्या शोभेसाठीं शहरांतले लोक तो दारीं लावतात. मांडवालाही त्या झावळ्या बांधतात. (त्याची माडीही निघते, पण तो विषय या पानाचा नव्हे!) त्याचें खरें धन देठाच्या तळाशीं, खोडाला वेढून बसलेल्या काळ्या राठ तंतूंत आहे. नारळाचा काथ्या फळाच्या सोडणांतून निघतो, हा तंतु पानाच्या देठांतून. घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा तो जाड आणि विलक्षण चिवट असतो. सिंहलद्वीपांत या झाडास कितूल म्हणतात. तेथें या तंतूंचे दोर वळून हत्ती बांधीत, आणि ब्रश करण्यासाठीं तो विलायतेस जाई. आमच्या बहिणीकडे मात्र वाळलेली झावळी पडली कीं ती तंतूंसकट बंबांत जात असे.

अखेर मी तिला सांगितलें. तिचे यजमान लगेच म्हणाले, “मग आतांच तोडून टाकूं; उगीच पुढें घरावर पडायचा.” मला तें पटलें नाहीं. पानें हिरवीं आहेत तोंवर भय नाहीं. शेंडा सुकूं लागला म्हणजे माहीतगार माणसाकडून उतरवून घ्यावा. पिकलेलीं लाल फळें मात्र मुलांच्या हातीं पडूं देऊं नयेत. गरांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यानें अंगाची आग होते. लिनिअसनें १७५३ सालीं या झाडास ‘यूरेन्स’, म्हणजे जाळणारा, असें नांव दिलें तें यासाठींच. उदमांजर तींच फळें खुशाल खातें आणि बिया रानभर टाकीत फिरतें!

बीं रुजायला महिनेच्या महिने लागतात. भाचीनें कुंडी आणि जुने हातमोजे आतांपासूनच जिन्याखालीं आणून ठेवले आहेत.