आधी दोरी, मग सूत्र

दिवाळीनंतर गावी गेले होते, अलिबागजवळ. खळ्यावर भाताची रास लागली होती. व्यापारी आला, राशीभोवती एक चक्कर मारली आणि आकडा सांगून मोकळा झाला. आजोबांनी माझ्याकडे बघितलं. 'तू शिकलीस ना? सांग किती भरेल.' नववीतलं सूत्र लगेच आठवलं: एक तृतीयांश पाय, त्रिज्येचा वर्ग, गुणिले उंची. पण त्रिज्या मोजायची कुठून? राशीचा मध्य तर भाताखाली गाडलेला! दहावीला गणितात नव्वदच्या वर मार्क काढलेली मी गप्प उभी राहिले. भात त्याच्याच आकड्याला गेलं.

घरी येऊन शोधाशोध केली, तर उत्तर 1150 सालचं निघालं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त धान्याच्या राशीवर वेगळं प्रकरणच आहे. राशीभोवती दोरी फिरवून परिघ घ्या. त्याच्या सहाव्या भागाचा वर्ग करा, उंचीने गुणा. झालं घनफळ. आणि उंची? भातासारख्या कुसळाच्या धान्याची रास परिघाच्या नवव्या भागाइतकी उंच असते, भरड धान्याची दहाव्या, बारीक धान्याची अकराव्या. कारण प्रत्येक धान्याचा उतार ठरलेला असतो. वरून कितीही ओता, दाणे घसरतात आणि रास रुंद होते.

समजा परिघ 18 फूट. सहावा भाग 3, त्याचा वर्ग 9. उंची 2 फूट. घनफळ 18 घनफूट. शाळेच्या सूत्राने साधारण 17.2 येतं. फरक पडतो, कारण इथे पायची किंमत 3 धरली आहे. भास्कराचार्यांना 22/7 माहीत नव्हतं असं नाही, तेही 'लीलावती'तच आहे. पण खळ्यावर तोंडी हिशोब करायला 3 पुरतो. मग एक घनफुटाचा डबा भरून वजन करायचं, की किलोचा अंदाज हातात.

माझं म्हणणं एवढंच, की आपण हा धडा उलट्या टोकाने शिकवतो. आठवीत वृत्तचिती, नववीत शंकू आणि गोल. प्रत्येक गणितात त्रिज्या आयती दिलेली, मुलांनी फक्त किमती टाकायच्या. खऱ्या वस्तूची त्रिज्या कुणी लिहून देत नाही. ती शोधणं हेच अर्धं गणित. पेण-उरणच्या मिठागरांत मिठाच्या राशी उभ्या असतात, दारात पाण्याचं पिंप असतं. एक दोरी, एक टेप आणि एक तास पुरे.

'बोर्डाच्या पेपरात दोरी येत नाही' असं कुणी म्हणेल. खरंय. पण परिघ मोजून त्रिज्या काढलेला मुलगा पेपरातलं गणितही सोडवेल. उलटं होत नाही, याचा पुरावा म्हणजे मी.

आपल्यातले कितीतरी जण शाळेतल्या मुलांच्या ट्यूशन घेतात, निदान चुलत-मावस भावंडांना तरी शिकवतात. पुढच्या वेळी घनफळाचा धडा आला, तर सूत्र फळ्यावर लिहायच्या आधी मुलांना बाहेर काढा आणि काहीतरी गोल मोजायला लावा. मी पुढच्या सुगीला दोरी घेऊन खळ्यावर जाणार आहे. व्यापारी चक्कर मारायच्या आधी.