वांगणीचा पॉइंट्समन आणि पंचनाम्यावरची सही



आपल्या पत्रकाचा कागद आणि शाई आणायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प २ मध्ये जातो. मागच्या खेपेला दुकानात एकाच्या मोबाईलवर वांगणी स्टेशनचा तो जुना व्हिडिओ चालू होता. सगळे माना वाकवून बघत होते. एक म्हातारी म्हणाली, "सरकारी माणूस असावा तर असा." तिचं बोलणं डोक्यात राहिलं, म्हणून हे लिहितोय.

वांगणी आपल्याच अंबरनाथ तालुक्यातलं. १७ एप्रिल २०२१ ला तिथे दृष्टी नसलेल्या आईबरोबर फलाटावरून चालताना एक लहान पोरगं रुळावर पडलं. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. आई जागच्या जागी चाचपडत होती. ड्युटीवर असलेले पॉइंट्समन मयूर शेळके रुळावरून धावत गेले, पोराला उचलून फलाटावर टाकलं आणि स्वतः वर चढले. पाठोपाठ गाडी धडधडत गेली. रेल्वेने ५० हजारांचं बक्षीस दिलं, एका कंपनीने मोटारसायकल दिली. बक्षिसातले निम्मे पैसे शेळकेंनी त्या मायलेकरांना द्यायचं ठरवलं. पॉइंट्समन म्हणजे रेल्वेतला खालच्या पायरीचा कामगार. तो धावला नसता तरी कोणी त्याला जाब विचारला नसता. तरी तो धावला. म्हणून त्याला धाडस म्हणायचं, आणि त्याचा सत्कार झाला तो योग्यच झाला.

आता आपल्याकडे बघा. आपल्या पोराबाळांचं जगणं रुळावर नाही, फाईलवर अडकलंय. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची कसवणूक दाखवायची. २०१२ साली नियम सुधारले. त्यात स्पष्ट आहे की दाव्याच्या जागेची पाहणी होताना वनखात्याच्या आणि महसूलच्या माणसाने हजर राहायचं, आणि कागदावर हुद्दा, तारीख, शेरा टाकून सही करायची. एवढंच काम. पण त्या एका शेऱ्यावर घराचं घर उभं राहतं किंवा पडतं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने दावे नाकारलेल्यांना जंगलातून काढा असं सांगितलं होतं. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. मधले पंधरा दिवस पाड्यावर कोणाला झोप लागली नव्हती. दावा नाकारला म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

काही वर्षांमागे आमच्या बाजूच्या पाड्यावर पाहणी झाली. एक तरुण गार्ड आला होता. वनहक्क समितीबरोबर अख्खा दिवस फिरला. दगडी बांध बघितला, आंब्याची जुनी झाडं बघितली, म्हाताऱ्यांचे जबाब ऐकले. आणि त्याने लिहिलं : बांध जुना, लागवड जुनी. खाली सही केली. वरचा साहेब आमच्यासमोर त्याला म्हणाला, "तुला एवढं लिहायला कोणी सांगितलं होतं?" पोरगा बोलला, "साहेब, दिसलं ते लिहिलं." पुढे त्याची बदली झाली. त्यामुळेच झाली असं आम्ही म्हणत नाही. पण तो गेला तेव्हा आपल्यातलं कोणी त्याला साधं पाणी विचारायलाही गेलं नाही. ही चूक आपली.

खरं लिहिण्याची किंमत मोठी असू शकते. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. ते स्वतः तो धंदा पकडायला गेले होते. एवढा मोठा अधिकारी जाळला जातो, तर साध्या गार्डला, तलाठ्याला, कारकुनाला भीती वाटणारच. त्या भीतीतूनही जो खरं लिहितो त्याचं धाडस वांगणीच्या धाडसाच्या जातीचंच. फरक एवढाच की त्याचा व्हिडिओ निघत नाही.

कोणी म्हणेल, खरं लिहिणं ही तर ड्युटीच, त्याचं कौतुक कशाला? बरोबर आहे. पण खोट्याला बढती आणि खऱ्याला बदली मिळत असेल, तर ड्युटी करणं हेच धाडस होऊन बसतं. आणखी कोणी म्हणेल, ज्या खात्याने आपल्या झोपड्या मोडल्या त्याच्या माणसाला आपण नारळ द्यायचा? भावांनो, खातं वेगळं, माणूस वेगळा. शिवाय गार्डबरोबर वणवा विझवायला रोजंदारीवर कोण जातं? आपलीच पोरं. त्यांचं नाव तर कुठल्याच यादीत येत नाही. सरकार कोणाला मेडल देतं ते सरकार बघेल. आपली यादी आपण करावी.

म्हणून सूचना अशी. येत्या ग्रामसभेत ज्या कर्मचाऱ्याने पाहणीत खरं लिहिलं त्याच्या नावाने आभाराचा ठराव घ्या. वणवा विझवणाऱ्या आपल्या पोरापोरींची नावंही त्यात घाला. ठरावाची नक्कल कलेक्टरला पाठवा. उद्या बदलीची वेळ आली तर त्या माणसाच्या हातात निदान तेवढा एक कागद असेल.

आणि जो जाणूनबुजून खोटं लिहितो त्याच्यासाठीही कायद्यात जागा आहे. कलम ७ प्रमाणे कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड होतो. कलम ८ प्रमाणे ग्रामसभेने ठराव करून राज्यस्तरीय समितीला ६० दिवसांची नोटीस द्यायची. तेवढ्यात समितीने काही केलं नाही तर कोर्टात जाता येतं. दंड छोटा आहे, पण नाव कागदावर येतं.

दोन्ही ठराव एकाच सभेत घ्या. कोणाचं काय लिहायचं ते ज्याच्या त्याच्या सहीवर ठरेल.

जिंदाबाद.