पंधराशे आले, एकवीसशेचं काय?

रत्नागिरी : महिना संपत आला की वाडीवाडीत एकच विचारणा, "हप्ता जमा झाला काय?" मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दीड हजार आता घरखर्चात मुरले आहेत. त्याला फुकटचा पैसा म्हणणाऱ्यांनी आधी हा जिल्हा बघावा. २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला चाकरीला, आणि शेत, गुरं, म्हातारी माणसं बाईच्या गळ्यात. तिच्या खात्यात थेट पैसे येणं ही लहान गोष्ट नाही. धोका पैशात नाही, तो दाखवून ज्या तऱ्हेने मत मागितलं गेलं त्यात आहे.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली. रक्षाबंधनाआधी पहिले दोन हप्ते आले आणि २० नोव्हेंबरच्या मतदानापूर्वी पाच हप्त्यांचे ७,५०० रुपये हातात पडले. प्रचारात महायुतीने २,१०० चा शब्द दिला. महाविकास आघाडीने कडी करत ३,००० सांगितले. बोली दोन्हीकडून लागली. पैसा आणणार कुठून, याचा नीट हिशोब कोणीच मांडला नाही. जिल्ह्यातल्या पाचपैकी चार जागा महायुतीला गेल्या, गुहागर तेवढं ठाकरे गटाकडे राहिलं. केवळ हप्त्यावर मतं पडली असं म्हणणं बायकांवर अन्याय होईल, पण पक्षांचा हिशोब तोच होता.

मतदान झालं आणि सूर बदलला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २,१०० आले नाहीत. उलट योजनेची तरतूद आदल्या वर्षीच्या ४६,००० कोटींवरून ३६,००० कोटींवर आली. महसुली तूट ४५,८९१ कोटी, कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे. मग छाननी सुरू झाली. २६ लाखांहून अधिक लाभार्थींचे पैसे थांबवले गेले, त्यात चक्क पुरुषही निघाले. निवडणुकीआधी धडाधड अर्ज मंजूर होताना हे दिसलं नव्हतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी हवा. आता नवरा मुंबईत कामावर, मोबाइल त्याच्याकडे, आणि गावात रेंजची बोंब. अर्ज भरायला दारात आलेले कार्यकर्ते या वेळी किती जणींच्या दारात गेले, हे ज्याने त्याने आपल्या गावात विचारून पाहावं.

दुसरीकडची कात्री मात्र गाजावाजा न करता चालते. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी या योजनेकडे वळवला गेला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल देणारा 'आनंदाचा शिधा' २०२५ च्या गणपतीला मिळाला नाही. तोही एका निवडणुकीच्या आधी गाजवलेलाच. ज्या घरात हप्ता येतो, त्याच घरातून शिधा गेला.

या जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये धनगरवाड्यांवर टँकर फिरतो. डोंगरावरच्या वाडीला पाणी न्यायचं तर साठवण हवी, जलवाहिनी हवी, चार-पाच वर्षं टिकून पैसा हवा. ते काम पाच महिन्यांत उरकून मतदानाआधी दाखवता येत नाही. हंडा डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाईला दीड हजार हवेच आहेत. पण पाण्याचा आकडा तिला कोणत्याच पक्षाने प्रचारात सांगितला नाही, आणि २,१०० चा सांगितलेला आकडा कधी मिळणार याची तारीखही नाही.