संघ गावाचा की धनिकाचा?

20 मार्च 2022 या दिवशी मडगावच्या फातोर्डा मैदानावर हैदराबादच्या फुटबॉल संघाने केरळच्या संघावर मात करून इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद मिळविले. सामना सरत आला असता गोव्याच्या साहिल तावोराने बरोबरी साधली आणि पुढे पेनल्टीच्या फेरीत गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने प्रतिपक्षाचे तीन फटके अडविले. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या हंगामात याच संघाकडे होता. तो संघ आज हैदराबादेत नाही! 2025 साली त्याचे बिऱ्हाड दिल्लीस हलले आणि 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' असे त्याचे नवे नामकरण झाले. विजयास पुरती चार वर्षेही झाली नव्हती. ज्या शहराच्या नावाचा जयघोष हजारो कंठांनी केला, त्या शहराच्या हाती केवळ आठवण उरली.

हे कसे घडले, हे नीट पाहिले पाहिजे. कारण त्यात प्रत्येक गावाने घ्यावा असा धडा आहे. मुळात हा संघ हैदराबादेत जन्मलाच नव्हता. 2014 साली पुण्यात वाधवान उद्योगसमूहाच्या मालकीने 'एफसी पुणे सिटी' हा संघ निघाला. 2019 साली तो मोडला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. बालेवाडीच्या मैदानावर नारिंगी पोशाख करून जाणाऱ्या पुणेकरांस कोणी विचारले नाही. हैदराबादेत आनंद झाला, आणि तो स्वाभाविकही होता. परंतु जे दार पुण्यावर बंद झाले त्याच दाराने संघ आत आला होता, याचा विचार त्या आनंदात राहून गेला. 2023-24 च्या हंगामात खेळाडूंचे पगार थकले, फिफाने नवे खेळाडू नोंदविण्यास बंदी घातली, नामांकित खेळाडू निघून गेले आणि जो संघ अजिंक्य ठरला होता त्याने 22 सामन्यांत अवघा एक जिंकला. 2024 साली बी. सी. जिंदाल उद्योगसमूहाने संघाचा ताबा घेतला. संघ तगला, परंतु हैदराबादला अंतरला.

अशा वेळी फुटबॉलशौकिनांत दोन तट पडतात. एक म्हणतो, धनवान आला हे भाग्यच समजा. प्रेमाने पगार निघत नाहीत. दुसरा म्हणतो, आज त्याने काही भाग घेतले, उद्या सगळे घेईल, आणि परवा आपले मैदानही आपले राहणार नाही. आम्हांस विचाराल तर दोन्ही तटांचे म्हणणे खरे आहे. बुटांना, प्रवासाला, शिक्षकांना आणि खेळाडूंच्या घरच्या चुलीला पैसा लागतोच. थकलेल्या पगारावर खेळाडूने निष्ठेचे पाठ म्हणावेत, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणासही नाही. म्हणून धनिकाच्या थैलीचा द्वेष करण्याचे कारण नाही. प्रश्न थैलीचा नाहीच. थैलीबरोबर काय काय विकले जाते, हा प्रश्न आहे.

पुण्याचाच दाखला पुन्हा घेऊ. अशोक पिरामल समूहाचा 'पुणे एफसी' 2007 साली निघाला आणि 2015 साली बंद झाला. कल्याणी समूहाचा 'भारत एफसी' तर आय-लीगचा एकच हंगाम खेळला. मुंबईत नावलौकिकाचा 'महिंद्र युनायटेड' 2010 साली मालकांनी विसर्जित केला. हे सर्व मालक दुष्ट होते काय? मुळीच नव्हे. त्यांनी उदार हाताने खर्च केला. परंतु व्यापाराचे गणित बदलले की व्यापारी दुकान आवरतो. गावाला आपले अंतःकरण असे आवरता येत नाही.

याउलट कलकत्त्याकडे पाहा. 1889 साली स्थापन झालेल्या मोहन बागानच्या फुटबॉल संघाचे 80 टक्के भाग 2020 साली संजीव गोएंका यांच्या समूहाच्या एटीके संघाशी झालेल्या विलीनीकरणात त्यांच्याकडे गेले आणि क्लबच्या नावापुढे 'एटीके' ही अक्षरे लागली. बागानच्या शौकिनांनी पैसा नाकारला नाही, पण ती अक्षरेही मानली नाहीत. त्यांनी घोषणा दिल्या, फलक झळकविले, तीन वर्षे धीर सोडला नाही. आणि 2023 साली संघ अजिंक्य झाल्यावर ती अक्षरे गेली. त्यांची जागा 'सुपर जायंट' या नव्या बिरुदाने घेतली, तेव्हा जय पूर्ण नव्हता. तरीही ज्याच्या हाती 80 टक्के भाग आहेत त्यालाही संघटित लोकमतापुढे पाऊल मागे घ्यावे लागते, हे त्यातून सिद्ध झाले.

परदेशात ही गोष्ट घोषणांवर सोडलेली नाही. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मते राहिलीच पाहिजेत, असा दंडक आहे. धनिक भांडवल घालू शकतो, पण काही अपवाद वगळता सत्ता विकत घेऊ शकत नाही. इंग्लंडात विम्बल्डनचा क्लब उचलून दूरच्या मिल्टन कीन्सला नेण्यास 2002 साली अनुमती मिळाली, तेव्हा शौकिनांनी त्याच वर्षी आपला नवा क्लब उभारला आणि तळच्या पायरीपासून चढत तो व्यावसायिक लीगमध्ये नेला.

गावाचे नाव बदलले, गावाचे स्थान ठरले, आणि गावाला मात्र कोणी विचारले नाही, ही व्यथा आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून कोल्हापूरच्या तालमींकडे त्यांनी अभिमानाने पाहावे. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा ही नावे कोणा मालकाची नव्हेत. ती पेठांची व तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच मैदानात उतरते. उद्या एखादा श्रीमंत गृहस्थ अशा संघाच्या दारी आला तर त्याचे स्वागत अवश्य करावे. मात्र सही करण्यापूर्वी तीन अटी कागदावर याव्यात: नाव, रंग आणि गाव सभासदांच्या संमतीवाचून बदलणार नाही, भाग कितीही वाढले तरी या तीन गोष्टींवरचा नकाराधिकार सभासदांचाच राहील, आणि जमाखर्च दरवर्षी सर्वांपुढे वाचला जाईल. ज्याचे मन स्वच्छ आहे त्याला या अटी जड वाटणार नाहीत, आणि ज्याला जड वाटतील त्याची ओळख वेळीच पटेल.

हैदराबाद हे फुटबॉलला नवखे शहर नव्हे. 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक हैदराबाद सिटी पोलीस संघाने नेला. त्या संघाला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली 1962 साली जकार्त्यात भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले. ही परंपरा कोणा भांडवलदाराने विकत आणली नव्हती, म्हणून ती कोणाला विकताही आली नाही. हैदराबादच्या शौकिनांनी गेलेल्या संघाचा शोक किती काळ करावयाचा? त्यांनी पुन्हा आपल्या गल्लीतून आरंभ करावा, आणि या वेळी संघाची चावी आपल्याच कमरेला ठेवावी.